आजीच्या आईचे नाव

1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींसाठी काही सूचना काढल्या. भारतातून आलेल्या बेने इस्राएल समाजातील कोणी व्यक्ती त्या समाजाबाहेरच्या ज्यू व्यक्तीशी लग्न करू इच्छित असेल, तर नोंदणीपूर्वी तिच्या आईची, आजीची आणि जितके मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. त्यांत कुठे परधर्मीयांशी सोयरीक झाली आहे काय, घटस्फोटानंतर पुनर्विवाह झाला आहे काय, निषिद्ध नात्यात लग्न झाले आहे काय, हे पाहावे, असा त्या सूचनांचा आशय होता. सूचनांमागची भूमिका धर्मशास्त्राची होती. यहुदीपण आईकडून येते, घटस्फोट विहित लेखाशिवाय पूर्ण होत नाही, आणि असा अपूर्ण घटस्फोट घेतलेल्या स्त्रीला दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या संततीवर विवाहाची बंधने येतात. कोकणात शतकानुशतके रब्बींवाचून राहिलेल्या लोकांनी हे सारे नियम पाळले असतील काय, अशी ती शंका होती.

शंका शास्त्राची, पण तिचे ओझे पडले ते वंशावळीवर. पेण, पनवेल किंवा रोहे येथून मुंबईत आलेला, गिरणीत किंवा रेल्वेच्या कारखान्यात काम केलेला आणि पन्नाशीच्या दशकात बीरशेबाच्या वाळवंटात वसवलेला एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. मुलीचे लग्न ठरले आहे, मुलगा मोरोक्कोहून आलेल्या घरातला आहे, आणि टेबलापलीकडचा रब्बी विचारतो आहे : तुमच्या बायकोच्या आजीच्या आईचे नाव काय? ती कोणाची मुलगी?

हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पेलेल? महाराष्ट्रात वंशावळींचे वाङ्मय तसे थोडेथोडके नाही. वतनाच्या तंट्यांत दाखल केलेले कुर्सीनामे पेशवे दप्तरात आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. विसाव्या शतकात चित्पावन घराण्यांनी आणि त्यांचे पाहून इतरांनीही आपापले कुलवृत्तांत जाडजूड ग्रंथांत छापून घेतले. पण या सगळ्या कागदांतून वाहते ती पित्याची रेषा. स्त्री त्यांत येते ती पत्नी म्हणून, सासरी बदललेल्या नावानिशी. तिची आई तर कोणत्याच शाखेवर बसत नाही. जो प्रश्न रब्बीपीठाने विचारला, त्याचे उत्तर देणारा कागद आमच्या प्रांतात मुळी तयारच होत नव्हता.

बेने इस्राएलांपाशी तर क्षेत्रोपाध्येही नव्हते. त्यांच्यापाशी होते ते आडनाव.

केहिमकर, नवगावकर, झिराडकर, आवासकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, पेझारकर, दिवेकर, राजपूरकर, शापूरकर ही नावे ओळीने वाचली की अलिबाग, पेण, रोहे आणि श्रीवर्धन या तालुक्यांचा नकाशाच उभा राहतो. शंभराहून अधिक गावे या आडनावांत साठवलेली आहेत. मध्य युरोपातल्या ज्यूंची स्थिती पाहिली म्हणजे या नावांचे मोल कळते. तिथे कायम आडनाव पुष्कळांना सरकारी हुकुमाने मिळाले. ऑस्ट्रियात दुसऱ्या जोसेफ सम्राटाने 1787 साली ज्यूंना जर्मन आडनावे घेण्याची सक्ती केली, आणि त्या नावांवरून घराण्याचे मूळ गाव कळेलच असे नाही. कोकणात हुकूम नव्हता. तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, आणि गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला गावाचे नाव जसे इथे कोणालाही चिकटते तसे यांनाही चिकटले.

पण याच सोयीत शोधकाची पहिली अडचण आहे. गावावरून पडलेले आडनाव त्या गावातल्या सर्वांचे असते. दिवेकर ब्राह्मण आहेत, तसे बेने इस्राएल दिवेकरही आहेत. पेणकर तर कोणीही असू शकतो. जमिनीच्या जुन्या कागदात नुसते ‘दिवेकर’ दिसले म्हणजे आपला पूर्वज सापडला असे नव्हे. शिवाय गाव हे घराण्याचे मूळ ठिकाण नसून अनेकदा मधला मुक्काम असतो. नाव अष्टमीचे, कबर पनवेलला आणि गेल्या चार पिढ्या मुंबईत, असे पुष्कळ घरांचे आहे.

मुंबईत आल्यावर दुसरा गुंता झाला. इंग्रजी शाळांत आणि कचेऱ्यांत गेलेल्या अनेकांनी ‘कर’ सोडून वडिलांचे किंवा आजोबांचे बायबलमधले नाव आडनाव म्हणून लावले. 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर असलेले डॉ. ई. मोझेस हे मूळचे राजपूरकर. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात आणि त्यांतल्या फारच थोड्यांना राजपूर आठवत असेल. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा म्हणून आपल्याला ठाऊक असलेले नट डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. एकाच घरातला थोरला भाऊ सॅम्युएल आणि धाकटा पेणकर, असेही या पद्धतीत होऊ शकते, आणि दोन पिढ्यांनी त्यांची नातवंडे एकमेकांना परकी होतात. निस्सीम इझिकेल यांची कविता आपण वर्गात शिकवतो. त्यांच्या नावात गाव दिसत नाही, म्हणून त्यांना ‘मुळे नसलेला शहरी कवी’ ठरवून मोकळे होणारे विद्यार्थी (आणि त्यांचे शिक्षकही) मी पाहिले आहेत.

व्यक्तिनामांची कथा याहून मौजेची आहे. जुन्या कागदांत अब्राहम हा आबाजी असतो, सॅम्युएल समाजी, मोझेस मुसाजी आणि रहामीम चक्क रामाजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले देशी अधिकारी होते. टिपूशी झालेल्या युद्धात ते कैद झाले आणि सुटून आल्यावर त्यांनी हे मंदिर बांधले अशी परंपरा आहे. मशीद बंदराजवळचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. समाजात मात्र ते समाजी हसाजी. हिब्रू ग्रंथांपुरतीच हिब्रू नावे शोधणाऱ्या संशोधकाच्या हाती हे समाजी हसाजी लागणार नाहीत, आणि लागले तरी त्यांना तो कोणी मराठा शिलेदार समजून बाजूला ठेवील.

आता ‘मशीद’ हा शब्द. बेने इस्राएलांच्या बोलीत सिनेगॉगला मशीद म्हणत. समाजी हसाजींनी बांधलेले मंदिर ही ‘जुनी मशीद’. बंदराला आणि रेल्वे स्थानकाला नाव पडले ते यावरूनच, असे हा समाज आग्रहाने सांगतो. सणांची नावेही अशीच : रोश हशाना हा नव्याचा सण, पुरीम हा होळीचा सण, जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आठवण्याचा दिवस तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करायचे. रोश हशानाच्या आधीच्या महिन्यातल्या उपवासांना रमजान म्हणत, आणि पुरोहिताचे काम करणाऱ्यांना काजी. घरातल्या एखाद्या जुन्या पत्रात ‘मशिदीत काजींनी लग्न लावले’ असे वाक्य असेल, तर लिहिणारा यहुदी आहे हे ओळखायला हिब्रू उपयोगाची नाही. त्याला उत्तर कोकणची एकोणिसाव्या शतकातली मराठी यावी लागते.

या भाषेचा छापील पुरावाही आहे. 1846 साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. 1874 च्या पुण्यातल्या हगादामध्ये बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र आहे. त्या बायका सरळ महाराष्ट्रीय वेषातल्या आहेत. त्यांत कोणाची पणजी शोधता येणार नाही हे खरे, पण आपली पणजी कशी बसत असेल, काय नेसत असेल, एवढे तरी कळते. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांचा मोठा भाग मराठीत आणला, आणि 1880 च्या सुमारास मोझेस, योसेफ, एलिया यांची आख्याने कीर्तनात गायली जाऊ लागली. मराठी साहित्याच्या इतिहासांत या वाङ्मयाला मिळालेली जागा पानभरही नसेल. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मराठीवर आपण प्रबंध लिहिले. त्याच मिशनऱ्यांकडून, विशेषतः 1832 मध्ये मराठीत हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या जॉन विल्सन यांच्याकडून, हिब्रू शिकून जे लोक ख्रिस्ती न होता अधिक पक्के यहुदी झाले, त्यांच्या मराठीकडे मात्र कोणी फारसे फिरकले नाही.

परंतु हे सारे पुरुषांचे झाले. बायका कुठे आहेत?

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी खतांत आणि सरकारी कागदांत माणसाची ओळख दोन शब्दांनी होते. पुरुष ‘बिन’, म्हणजे अमक्याचा मुलगा. स्त्री ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. ‘कोम’ हा शब्द स्त्रीला नवऱ्याशी बांधतो आणि तिथेच थांबतो. तिचा बाप कोण हे कळायला दुसरा कागद लागतो, आणि आई कोण हे तिसऱ्या कागदातही नसते. गंमत अशी की धर्माचा कागदही याबाबतीत वेगळा नाही. यहुदी विवाहलेखात, म्हणजे केतुबामध्ये, वधूची ओळख बापाच्या नावाने करून दिलेली असते. आजारी माणसासाठी प्रार्थना करताना तेवढे आईचे नाव घेण्याची रीत आहे. पण प्रार्थना कोणी नोंदवून ठेवीत नाही. जे शास्त्र आईकडून येणारे यहुदीपण मानते, त्या शास्त्राचे कागद बापाच्या नावाने लिहिलेले, आणि चौकशी मात्र आजीच्या आईपर्यंतची.

म्हणून या समाजाच्या उगमकथांत बायका कशा येतात हे पाहणे उद्‌बोधक आहे. अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते नवगावला पुरली, अशी कथा सर्वश्रुत आहे. तेथील दोन उंचवट्यांपैकी एक पुरुषांचा आणि एक स्त्रियांचा, असेही सांगतात. चित्पावनांच्या कथेत परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते उठवली. इथेही चौदाच माणसे वाचतात. हे साम्य अभ्यासकांनी फार पूर्वीच हेरले आहे. कोणाची कथा कोणी घेतली यावर वाद घालण्यात मला रस नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो सात बायकांचा तपशील. परशुरामाची कथा शुद्धीची आहे, चितेच्या अग्नीने पवित्र झालेल्यांची. नवगावच्या कथेला शुद्धी करून घेणारा देव नाही. तिने सात पुरुषांबरोबर मोजून सात स्त्रिया किनाऱ्यावर आणल्या आणि पुढच्या सर्व शंकांना आधीच उत्तर देऊन ठेवले. आमच्या आया इथल्या नव्हत्या, त्याही जहाजातूनच आल्या. रब्बीपीठाचा प्रश्न 1962 चा असला तरी या कथेला तो फार आधीपासून ठाऊक असावा.

दुसरी कथा डेव्हिड रहाबीची. तो केव्हा आला यावर एकमत नाही. परंपरा त्याला अनेक शतके मागे नेते. काही इतिहासकार त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या, डच कंपनीशी संबंधित असलेल्या डेव्हिड इझिकेल रहाबीशी जोडतात. हे लोक खरोखर यहुदी आहेत का हे पाहण्यासाठी त्याने काय केले? वंशावळ विचारली नाही. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. खवले असलेली मासळी त्यांनी घेतली आणि बिनखवल्याची बाजूला काढली. रहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या तिघांना धर्म शिकवून काजी केले. हरवलेले नातलग ओळखण्याची इतकी सुंदर गोष्ट माझ्या वाचनात दुसरी नाही. पुरावा बायकांच्या हातात होता, आणि तो आईकडून मुलीकडे चुलीपाशी आलेला होता, म्हणजे नेमका आईच्या रेषेचा. असा पुरावा कोणत्याही दप्तरात ठेवता येत नाही, ही त्याची एकच उणीव.

इथे एक अप्रिय गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती टाळून लिहिलेले बरेच कौतुकाचे लेख मी वाचले आहेत. बेने इस्राएलांमध्येही गोरे आणि काळे असे दोन भेद होते. समाजाबाहेरच्या स्त्रियांपासून झालेली संतती म्हणजे काळे इस्राएल, आणि त्यांच्याशी गोरे बेटीव्यवहार करीत नसत. भांडीही वेगळी ठेवीत. म्हणजे आजीच्या आईचे नाव विचारण्याची रीत जेरुसलेमहून आली नव्हती, ती कोकणातल्या घराघरात होती. मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंनी पुढे तोच चष्मा सगळ्याच बेने इस्राएलांना लावला. 1836 साली त्यांच्यातल्या काही प्रतिष्ठितांनी समाईक दफनभूमीत मधे भिंत घालून द्यावी असा अर्ज सरकारकडे केला. रंगूनला तर प्रकरण कोर्टात गेले आणि सिनेगॉगमधले बेने इस्राएलांचे हक्क 1935 साली हायकोर्टाला मान्य करावे लागले. ज्याच्यावर संशय घेतला जातो तो आपल्याहून दुबळ्यावर तोच संशय घेतो, हे जातीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको. गोऱ्या-काळ्यांचा भेद आता संपला. पण वंशावळीचा शोध घेणाऱ्याने तयारी ठेवलेली बरी, की एखाद्या शाखेवर अशी आजी भेटेल जिचे नाव घरच्यांनी जाणूनबुजून गाळले आहे. काही नातलग काळाच्या ओघात हरवतात, काहींना हरवण्यात येते.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हे जाणले होते असे त्यांचा ग्रंथ वाचताना वाटते. 1875 मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढणाऱ्यांत ते प्रमुख होते, आणि 1897 च्या सुमारास त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. जुनी नावे, आडनावांची गावे, सणांचे मराठी शब्द, आंग्र्यांच्या आणि कंपनीच्या चाकरीतल्या माणसांच्या हकीकती, सारे त्यांनी वेचून ठेवले. ते हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. चाळीस वर्षांनी, 1937 साली, तेल अवीवमध्ये ते प्रसिद्ध झाले. केहिमकर आपल्या लोकांची बाजू मांडत होते, त्यामुळे सात जोडप्यांच्या कथेवर ते फार शंका घेत नाहीत. काळाची गणितेही त्यांनी कथेला सोयीची करून घेतली आहेत. तरीही आज एखाद्याला आपले आडनाव कोणत्या गावाचे हे शोधायचे असेल तर सुरुवात या पुस्तकाशिवाय होत नाही. लष्करातल्या सुभेदार-जमादारांविषयी अधिक हवे असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद आहेत. मुंबई फौजेत या छोट्या समाजाचे देशी अधिकारी संख्येच्या मानाने फार होते.

युरोपातल्या ज्यूंचा शोध वेगळ्या जातीचा. तिथे जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या आहेत, जनगणना आहे, आणि मारेकऱ्यांनी स्वतः ठेवलेल्या वाहतुकीच्या याद्याही आहेत. जर्मनीतल्या बाद आरोलसेन येथे युद्धानंतर कोट्यवधी कागद गोळा झाले. बेपत्ता माणसांचा माग काढण्यासाठी उभी राहिलेली ती संस्था संशोधकांना 2007 नंतर खुली झाली. जेरुसलेमच्या याद वाशेमने 1950 च्या दशकापासून वाचलेल्या नातलगांकडून प्रत्येक मृतासाठी एक पान भरून घेतले, आणि 2004 मध्ये ती नावे सर्वांना पाहण्यासाठी संगणकावर आणली. त्या पानावर आईचे माहेरचे नाव लिहायला स्वतंत्र जागा आहे. तिथला शोधक कागदापर्यंत पोहोचतो आणि कागदापलीकडे माणूस नसतो. कोकणातले वाईट नशीब अगदी उलट प्रकारचे. इथे कोणी कत्तल केली नाही, छळ केला नाही. या गोष्टीचा समाजाला आणि आपल्यालाही अभिमान आहे. पण छळ न करणाऱ्या शेजाऱ्यांनी नोंदही केली नाही. माणसे नांदत राहिली, गाव सोडून मुंबईला गेली, तिथून कराची, एडन, रंगूनला, आणि 1948 नंतर इस्रायलला. दर मुक्कामाला एकेक फांदी मागे राहिली. फाळणीनंतर कराचीतली घरे पांगली. तिथले मगेन शालोम हे 1893 चे सिनेगॉग 1988 साली पाडले गेले, मेवाशाह दफनभूमीतल्या कबरी तेवढ्या उरल्या.

रब्बीपीठाच्या सूचनांचे पुढे काय झाले? इस्रायलमधल्या बेने इस्राएलांनी दोन वर्षे दाद मागितली. 1964 च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये रस्त्यावर आले, उपोषणाला बसले. ऑगस्टमध्ये त्यासाठी संसदेचे खास अधिवेशन भरले आणि लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे ठणकावून सांगितले. त्यानंतर सूचनांतून ‘बेने इस्राएल’ हे शब्द वगळण्यात आले आणि त्यांच्या जागी ‘ज्यांच्याविषयी शंका आहे असे’ या अर्थाचा मोघम मजकूर आला. आंदोलकांच्या बाजूने मांडण्यासारखा एक मुद्दा त्यांच्या कोकणी वळणातच होता. हिंदू शेजाऱ्यांच्या सहवासात घटस्फोट आणि विधवेचा पुनर्विवाह दोन्ही त्यांच्यात जवळपास नव्हतेच. अपूर्ण घटस्फोटातून जो दोष उपजतो त्याला वावच कमी होता. विधवेचे लग्न होऊ न देणे ही एरवी लाज वाटावी अशी रूढी. इतिहासात एका ठिकाणची लाज दुसऱ्या ठिकाणी साक्षीदार म्हणून उभी राहते ती अशी.

अलीकडे या वादात रक्त बोलू लागले आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात अठरा बेने इस्राएल व्यक्तींचे नमुने तपासले. त्यांच्या पूर्वजांत मध्यपूर्वेतले यहुदी आणि भारतीय दोन्ही मोठ्या प्रमाणात असून हा संकर साधारण एकोणीस ते तेहेतीस पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे गेल्या हजारएक वर्षांतला असावा, असा निष्कर्ष निघाला. यहुदी वाटा पुरुषांकडून अधिक, भारतीय वाटा स्त्रियांकडून अधिक, असेही दिसले. वर्तमानपत्रांनी ‘बेने इस्राएलांचे यहुदी मूळ सिद्ध’ असे मथळे दिले. दुसऱ्या निम्म्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. ते दुसरे निम्मे म्हणजे नवगावच्या सात बायकांचा प्रश्न आहे. जहाजातून आलेल्या पुरुषांनी इथल्या स्त्रियांशी संसार केले आणि त्या स्त्रियांनी खवल्याची मासळी निवडायला शिकून ती विद्या लेकींना दिली, असे या आकड्यांवरून कोणी वाचले तर ते चूक ठरणार नाही. मला तरी यात समाजाला कमीपणा आणणारे काही दिसत नाही. उलट ज्या बायकांनी परका शनिवार आपला केला आणि हजार वर्षे टिकवला, त्यांची नावे कुठेच नाहीत याचे अधिक वाईट वाटते. नातलग शोधण्याच्या कामी या चाचण्यांवर फार भिस्त ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्ने झालेल्या समाजात कोणीही दोघे जण प्रत्यक्षाहून जवळचे भाऊबंद दिसतात.

म्हणून शोध पुन्हा कागदाकडेच येतो. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात चार-पाच हजारांवर आला आहे. त्याच्या कित्येक पट लोक इस्रायलमध्ये आहेत. तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक मोठ्या जिद्दीने चालवले गेले, पण नातवंडे हिब्रूत वाढली. हिब्रू अक्षरांत ल आणि ळ एकच होतात, द आणि ड एकच होतात. तिथे लिहिलेले नाव परत देवनागरीत आणताना गाव चुकते. पूर्व युरोपातल्या नावांच्या उच्चारभेदांसाठी अमेरिकेतल्या शोधकांनी 1985 मध्ये एक संकेतपद्धती बसवली आणि तिच्यावर हजारो कुटुंबे जुळली. कोकणी आडनावांसाठी असे काही कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ते काम मराठीच्या अभ्यासकाचे आहे.

दफनभूमीतल्या शिळा त्या मानाने बोलक्या आहेत. अनेकींवर हिब्रू, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषा एकाखाली एक येतात, आणि तिन्हींत माणसाचे नाव निरनिराळे असू शकते. अलिबागच्या इस्राएल आळीतून फिरताना, पेणच्या किंवा रेवदंड्याच्या सिनेगॉगच्या आवारात, परदेशी पाहुणे हिब्रू ओळीचे छायाचित्र घेतात असे दिसते. घरगुती नाव, ज्या नावाने त्या माणसाला गावात हाक मारीत ते, खालच्या मराठी ओळीत असण्याचा संभव अधिक.

शिळांच्याही मागे जायचे तर गावची जन्ममृत्यूची वही, म्हणजे गाव नमुना 14, किंवा कोतवाल बुक. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यापासून हा कागद महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक झाला आहे. पणजोबाच्या एका रकान्यावर नातवाचे काय काय अवलंबून असते हेही. रायगडच्या ज्या गावांतून आज एकही बेने इस्राएल घर उरलेले नाही, त्या गावांच्या वह्यांतही त्यांचे जन्म आणि मृत्यू असणार. जातीच्या रकान्यात काय लिहिले असेल ते लिहिणाऱ्या हातावर अवलंबून. इस्राएल, यहुदी किंवा नुसते तेली. अक्षर मोडी. त्यामुळे हिब्रूत वाढलेली नात अलिबागला येते तेव्हा तिला आधी मराठी बोलणारा आणि मग मोडी वाचणारा शोधावा लागतो, आणि दुसऱ्याची गाठ सहसा पडत नाही. पडली, तर तो बोट ठेवून वाचत जातो : अमुक मौजे, अमुक तारीख, मयत सारा की साई, कोम... इथे शाई पसरलेली असते. पुढचे अक्षर ‘आ’ असेल तर आबाजी, ‘इ’ असेल तर इसाजी. तो कागद उजेडाकडे धरतो आणि पुन्हा वाचू लागतो.